स्वदेशी चिप हवी तर असेंब्लीचं प्रॅक्टिकल बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षं आपल्या पेपरात आणि तसं म्हटलं तर सगळ्याच पेपरांत सेमीकंडक्टरच्या बातम्या भरभरून येतायत, इथे फॅब येणार, तिथे प्लांट मंजूर झाला, स्वदेशी प्रोसेसर आला, आणि वाचून खरंच बरं वाटतं. पण चिप तयार झाली, बोर्डावर बसली, त्यापुढे काय होतं याबद्दल मराठीत कुठे काही वाचायलाच मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो, नवीन बोर्ड आलं की त्यावर पहिल्यांदा लिनक्स उभा करायचा, ज्याला आम्ही बोर्ड ब्रिंग-अप म्हणतो, ते माझं रोजचं काम. या कामाला माणसं मिळत नाहीत. डिग्री असलेली मुलं ढिगाने येतात इंटरव्ह्यूला, हुशार असतात, पण पॉवर दिल्यापासून कर्नलची म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची पहिली ओळ स्क्रीनवर दिसेपर्यंत काय काय घडतं हे विचारलं की गाडं अडतं. आणि यात मुलांचा दोष नाही, त्यांना ते कुणी दाखवलेलंच नसतं.

सर्वसामान्य वाचकासाठी थोडं सांगतो. मशीन चालू केलं की लगेच विंडोज किंवा लिनक्स चालू होत नाही. आधी चालतं ते फर्मवेअर. जुन्या पीसीत त्याला बायॉस म्हणायचे, आताच्या पीसीत यूईएफआय असतं, एआरएमच्या बोर्डांवर बरेचदा ट्रस्टेड फर्मवेअर असतं आणि रिस्क-फाइव्हच्या (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनचा हा एक खुला संच) मशीनवर बहुतेक करून ओपनएसबीआय. हे फर्मवेअर, किंवा त्याने चालू केलेला बूटलोडर, सुरुवातीची हार्डवेअरची तयारी झाली की ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलला मेमरीत त्याच्या जागी सोडतं आणि कंट्रोल त्याच्या हातात देतं. बरं, दिलं आणि संपलं असंही नाही. पुढेही कर्नलला अधूनमधून फर्मवेअरकडे काम मागावं लागतं, दुसरा कोअर चालू कर, टायमर लाव, मशीन बंद कर. या दोघांमधला जो अगदी पातळ थर आहे तो असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन एकेक करून लिहायच्या भाषेत, लिहिलेला असतो, कारण तिथे सी भाषा पुरत नाही. सी चा कंपायलर गृहीत धरतो की स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवायची मेमरी) तयार आहे, कुठल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) कुठली व्हॅल्यू येणार ते ठरलेलं आहे, ग्लोबल व्हेरिएबल शून्य झालेले आहेत. कर्नलच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनला यातलं काहीच खरं नसतं.

रिस्क-फाइव्हचंच उदाहरण घेतो, कारण आपल्याकडच्या शक्ती आणि वेगा या दोन्ही प्रोसेसर कुटुंबांचा पाया तोच आहे. फर्मवेअर जेव्हा लिनक्सच्या कर्नलवर उडी मारतं तेव्हा करार अगदी छोटा असतो. ए० रजिस्टरमध्ये कोअरचा (तिथल्या भाषेत हार्टचा) नंबर, ए१ मध्ये डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावर काय काय आहे त्या यादीचा) पत्ता, आणि सॅटप हे रजिस्टर शून्य, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी (प्रोग्रामला दिसणारे पत्ते खऱ्या पत्त्यांवर बसवायची सोय) बंद. बस एवढंच. तिथून पुढे कर्नलची हेड डॉट एस नावाची फाइल सुरू होते. ती आधी सगळे इंटरप्ट बंद करते, ग्लोबल पॉइंटर भरते, फ्लोटिंग पॉइंट युनिट बंद करते म्हणजे कर्नलमध्ये कुणी चुकून ते वापरलं तर लगेच पकडलं जाईल, मग बीएसएस म्हणजे सुरुवातीची व्हॅल्यू न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा शून्य करते, फर्मवेअरने दिलेला नंबर आणि पत्ता जपून ठेवते, आणि नंतर कुठे स्टॅक लावून सी मधलं पहिलं फंक्शन कॉल करते.

त्या फाइलमधली एक जागा मला इतकी आवडते की ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हर्च्युअल मेमरी चालू करायची वेळ येते तेव्हा अडचण अशी असते की प्रोसेसर आत्ता खऱ्या म्हणजे फिजिकल पत्त्यावरून इन्स्ट्रक्शन उचलतोय, आणि सॅटपमध्ये व्हॅल्यू लिहिली रे लिहिली की पुढच्या इन्स्ट्रक्शनचा तो पत्ता वैधच राहत नाही, पायाखालची जमीनच गेली. मग लिनक्सवाल्यांनी काय केलंय, ट्रॅप (काही अडलं किंवा मदत मागितली की प्रोसेसर मारतो ती सक्तीची उडी) आला की कुठे जायचं ते सांगणाऱ्या एसटीव्हेक रजिस्टरमध्ये आधीच पुढच्या इन्स्ट्रक्शनचा व्हर्च्युअल पत्ता भरून ठेवलाय. सॅटप लिहिलं की पुढची इन्स्ट्रक्शन उचलताना पेज फॉल्ट म्हणजे पत्ता वैध नाही असा ट्रॅप येतो, फॉल्ट आला म्हणून प्रोसेसर एसटीव्हेकमधल्या पत्त्यावर जातो, आणि तोच तर आपल्याला हवा असलेला पत्ता! जो फॉल्ट एरवी क्रॅश म्हणून बघितला जातो त्याचाच पुढे जायचा रस्ता केलाय. ही चार-पाच ओळींची गोष्ट एखाद्या मुलाला जीडीबी या डीबगरमध्ये एकेक स्टेप करत दाखवली तर पेजिंगचं अख्खं युनिट त्याला जन्मभर विसरता येणार नाही, हे मी ज्युनिअर मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

आता उलट्या दिशेचा कॉल. कर्नलला फर्मवेअरकडून काम करून घ्यायचं असलं की तो ईकॉल नावाची एकच इन्स्ट्रक्शन चालवतो. त्याआधी ए७ मध्ये एक्स्टेन्शनचा नंबर, ए६ मध्ये त्यातल्या फंक्शनचा नंबर, ए० ते ए५ मध्ये आर्ग्युमेंट भरायची. उत्तर येताना ए० मध्ये एरर आणि ए१ मध्ये व्हॅल्यू येते, आणि या दोघांशिवाय एकाही रजिस्टरला धक्का लागता कामा नये असा नियम आहे. दुसरे कोअर उठवायचे तर एचएसएम नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्याचा नंबर हेक्समध्ये ४८५३४डी, म्हणजे एच, एस, एम या अक्षरांचे आस्की कोडच ओळीने लिहिलेत. समोरच्या बाजूला फर्मवेअरचा ट्रॅप हँडलर सगळी रजिस्टर आपल्या स्टॅकवर जपून ठेवतो, एमकॉज हे ट्रॅपचं कारण सांगणारं रजिस्टर बघतो, तिथे ९ असेल तर हा सुपरवायझर मोडमधून म्हणजे कर्नलकडून आलेला ईकॉल आहे हे त्याला कळतं, मग काम करतो आणि एमरेट ही परतीची इन्स्ट्रक्शन चालवून परत जातो. जाण्याआधी एमईपीसी रजिस्टरमध्ये ४ मिळवावे लागतात, कारण तिथे ईकॉलचा स्वतःचाच पत्ता असतो. ते ४ विसरलात तर परत जाऊन पुन्हा तोच ईकॉल, पुन्हा ट्रॅप, पुन्हा तोच ईकॉल, मशीन तिथेच फिरत बसतं आणि बाहेरून नुसतं हँग झाल्यासारखं दिसतं. आणि हँडलरने चुकून एखादं रजिस्टर बिघडवलं तर त्याहून वाईट, तो बग तिथे दिसतच नाही, हजारो ओळी पुढे गेल्यावर कर्नलमधल्या भलत्याच फंक्शनमध्ये उगवतो आणि माणूस तिथे डोकं आपटत बसतो.

पीसीवरही हेच आहे फक्त वेगळ्या रूपात. ६४ बिट इंटेल-एएमडीवर लिनक्स आणि यूईएफआय फंक्शनला आर्ग्युमेंट देताना वेगवेगळी रजिस्टर वापरतात. लिनक्सचा क्रम आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ असा, आणि यूईएफआयने मायक्रोसॉफ्टची पद्धत घेतलीय, आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९, बाकीची स्टॅकवर, तेही ३२ बाइट मोकळे सोडून. म्हणून कर्नलमध्ये एक अगदी बारकं असेंब्ली रूटीन आहे, स्टॅक १६ बाइटला अलाइन करायचा, ४८ बाइट जागा करायची, आर९ स्टॅकवर टाकायचं, सहावं आर्ग्युमेंट त्याच्या शेजारी, मग आर८ मधलं आर९ मध्ये, आरसीएक्समधलं आर८ मध्ये, आरएसआयमधलं आरसीएक्समध्ये, आणि आरडीआयमध्ये जो फर्मवेअरच्या फंक्शनचा पत्ता आहे तिथे कॉल. आरडीएक्सला हातच लावायचा नाही, कारण आरडीआयमध्ये फंक्शनचा पत्ता गेल्यामुळे फर्मवेअरचं दुसरं आर्ग्युमेंट दोन्ही पद्धतींत नेमकं तिथेच पडतं. क्रम मात्र हाच हवा, बाकावर दाटीने बसलेली माणसं एकेक जागा सरकवायची तर टोकाच्या माणसाला आधी उठवावं लागतं तसं, उलटीकडून सुरुवात केली तर पहिली व्हॅल्यू दुसरीला पुसून टाकते. जेमतेम डझनभर ओळी, पण पीसीवर चालू झालेल्या लिनक्सला यूईएफआयला हाक मारायची तर यांच्यातूनच.

बायॉसच्या काळातलं याच जागेचं रूटीन तर आणखी मजेशीर आहे, ते अजूनही कर्नलच्या सोर्समध्ये बघायला मिळतं. एक्स८६ च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) इंट इन्स्ट्रक्शनला इंटरप्टचा नंबर रजिस्टरमधून देता येत नाही, तो इन्स्ट्रक्शनच्या बाइटमध्येच असावा लागतो. मग ते रूटीन आपल्याच कोडमधला तो एक बाइट चालता चालता बदलतं आणि लगेच एक जंप मारतं, म्हणजे प्रोसेसरने आधीच उचलून ठेवलेला जुना बाइट वापरला जाणार नाही. नंतर बायॉसमधून परत आल्यावर डायरेक्शन फ्लॅग, सेगमेंट रजिस्टर सगळं पुन्हा जागेवर आणून ठेवतं, कारण बायॉस काय अवस्थेत परत पाठवेल याचा भरवसा धरायचाच नाही.

भरवसा का नाही याचं एक उदाहरण देतो. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय मोडमध्ये लिनक्स बूट केल्यावर कायमचे बंद पडायला लागले, म्हणजे बायॉस सेटअपसुद्धा उघडेना. आधी संशय लिनक्सच्या एका ड्रायव्हरवर गेला, पण नंतर लिनक्सचे डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवलं की विंडोजमधूनसुद्धा तेच करता येतं, फर्मवेअरची व्हेरिएबल साठवायची जागा प्रमाणाबाहेर भरली की ते पुढच्या वेळी उठतच नव्हतं. मग कर्नलमध्ये किती जागा उरलीय ते तपासूनच लिहायचं अशी तरतूद करावी लागली. आणि २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीचा गोंधळ झाला तेव्हा एआरएमच्या बऱ्याच प्रोसेसरवर ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्राम पुढे कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणारा भाग) साफ करायचं काम कर्नलला स्वतःला करता येत नव्हतं, त्यासाठी एसएमसी इन्स्ट्रक्शनने फर्मवेअरला हाक मारायची नवीन सोय करावी लागली. म्हणजे हा थर एकदा लिहिला आणि विसरला अशातला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये डीआयआर-व्ही हा स्वदेशी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा वेगा हे दोन्ही आहेत. वेगाचं काम सीडॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रात झालं, पण सीडॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, परम ८००० हा महासंगणक इथेच १९९१ मध्ये झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग अशा चिपवर लिनक्स चालवायचा, तिच्यासाठी ओपनएसबीआयचं पोर्ट सांभाळायचं, पुढच्या आवृत्तीत काही बदललं की दुरुस्त करायचं, ही माणसं कुठून येणार? ती कॉलेजातूनच यायला हवीत.

मी पाहिलेल्या कॉलेजांमध्ये मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल म्हणजे अजूनही ८०८५ चं किट, नाहीतर डॉसबॉक्समध्ये ८०८६ चं असेंब्ली. दोन नंबरांची बेरीज, ब्लॉक ट्रान्सफर, स्ट्रिंग उलटी करा, पॅलिंड्रोम तपासा, प्रिंटआउट जर्नलला चिकटवा, एक्स्टर्नल येतो, दोन प्रश्न विचारतो, सही. इंट २१एच मुलांना पाठ असतं पण ते डॉसचं आहे आणि इंट १०एच हे बायॉसचं आहे, एक ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातं आणि दुसरं फर्मवेअरकडे, हा फरक विचारला तर सांगता येत नाही. व्हायवाचा सगळ्यात चांगला प्रश्न खरं तर तोच आहे.

८०८५ ला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये, कारण त्या किटमध्येच हा सगळा विषय लपलेला आहे. किटच्या रॉममध्ये जो मॉनिटर प्रोग्राम असतो तो फर्मवेअरच आहे. डिस्प्लेवर बाइट दाखवायला मुलं मॅन्युअलमध्ये बघून एका ठराविक पत्त्यावर कॉल करतात, जाण्याआधी ए रजिस्टरमध्ये व्हॅल्यू ठेवतात, परत आल्यावर कुठली रजिस्टर बदललीत ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हाच तो करार! तिथेच मास्तरांनी दोन मिनिटं थांबून सांगितलं की ८०८० च्या जमान्यात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बायॉस वेगळा काढला, सीपी/एम २.२ मध्ये त्याच्या तोंडाशी १७ जंप ओळीने ठेवलेले असायचे, प्रत्येक ३ बाइटचा, आणि मशीन बदललं तरी वरची सिस्टीम तीच ठेवून फक्त त्या जंपांमागचा कोड बदलायचा, तर मुलांना किटपासून आजच्या ईकॉलपर्यंतचा धागा सरळ दिसेल. ८०८५ वर तर तो कोड जसाच्या तसा चालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातली तीन-चार प्रॅक्टिकल कमी करून त्या जागी रिस्क-फाइव्हवर ही सीमारेषा शिकवा. खर्च शून्य आहे. क्यूईएमयू (लॅपटॉपवरच दुसरं मशीन उभं करणारा एम्युलेटर) फुकट आहे, जीसीसी हा कंपायलर फुकट आहे, रिस्क-फाइव्हचं स्पेसिफिकेशन फुकट डाउनलोड होतं, साध्यासुध्या लॅपटॉपवर सगळं चालतं. क्यूईएमयूच्या व्हर्ट मशीनवर ओपनएसबीआय हेक्समध्ये ८००००००० या पत्त्यावर बसतं आणि कर्नल ८०२००००० वर. पहिल्या आठवड्यात मुलांनी कर्नलच्या जागी स्वतःचा पंधरा-वीस ओळींचा असेंब्ली प्रोग्राम ठेवायचा, ईकॉल करून स्क्रीनवर स्वतःचं नाव छापायचं आणि दुसऱ्या ईकॉलने मशीन बंद करायचं. दुसऱ्या आठवड्यात क्यूईएमयूला बायॉस नन असं सांगायचं, म्हणजे ओपनएसबीआय येतच नाही, आणि आता फर्मवेअर मुलांनीच लिहायचं, ट्रॅप हँडलर, रजिस्टर सेव्ह करणं, एमईपीसीमध्ये ४ मिळवणं, सगळं. इथे पीएमपीची (फिजिकल मेमरी प्रोटेक्शनची) रजिस्टर भरली नाहीत तर एमरेट करून सुपरवायझर मोडमध्ये गेल्या गेल्या फॉल्ट येतो, आणि तो का आला हे शोधायला मुलांना एक लॅब जाईल, ती जाऊ द्या, त्या एका लॅबमध्ये मेमरी प्रोटेक्शन जेवढं कळतं तेवढं नोट्स वाचून कळत नाही. एमआयटीचं एक्सव्ही६ हे शिकण्यासाठीचं ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा २०१९ पासून रिस्क-फाइव्हवर आहे आणि ते असंच बायॉस ननने बूट होतं, त्याचा सुरुवातीचा असेंब्लीचा भाग एका पानात मावतो, शिक्षकांनी तेवढं जरी आधी वाचलं तरी तयारी होते.

एक हरकत मला नेहमी ऐकायला मिळते, की आता असेंब्ली कोण लिहितं, सगळं सी आणि रस्टमध्ये होतं, आणि उरलंसुरलं एआय लिहून देईल. लिहून देईल हो, डझनभर ओळी लिहून घेणं ही अडचण कधीच नव्हती. अडचण तेव्हा येते जेव्हा नवीन बोर्डला पॉवर दिलीय, सिरियल कन्सोलवर ओपनएसबीआयचा बॅनर आलाय आणि त्यापुढे एक अक्षरसुद्धा नाही. लॉग नाही, एरर नाही, विचारायला काहीच नाही. डिव्हाइस ट्रीचा पत्ता चुकला का, कर्नल भलत्या जागी लोड झाला का, कन्सोलचा यूआर्ट म्हणजे सिरियल पोर्ट चुकीचा दिलाय का, का पहिल्याच ईकॉलमधून तो परत आलेला नाहीये, हे ज्याला जेटॅग (चिपच्या आत डोकावायचं डीबगिंगचं कनेक्शन) लावून प्रोग्राम काउंटर आणि एमकॉज बघून ओळखता येतं तो माणूस हवा असतो. आणि ते ओळखायचं तर या ओळी आधी कधीतरी स्वतःच्या हाताने लिहून, बिघडवून, दुरुस्त केलेल्या असाव्या लागतात.

हे काम काही परदेशी माणसंच करतात असंही नाही. ओपनएसबीआय उभं करण्यात अनुप पटेल आणि अतीश पात्रा ही नावं त्या कोडच्या कमिटमध्ये म्हणजे बदलांच्या नोंदींत सुरुवातीपासून कुणालाही दिसतील. सगळा कोड उघडा आहे, मेलिंग लिस्ट उघडी आहे, सांगली-नांदेडच्या कॉलेजातल्या मुलीने पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती पाठवली तर ती तितक्याच गांभीर्याने वाचली जाते, तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. फायनल इयरला अटेंडन्स सिस्टीम आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटचे तेच तेच प्रोजेक्ट वर्षानुवर्षं चाललेत, त्याऐवजी ओपनएसबीआय किंवा कर्नलच्या रिस्क-फाइव्ह भागात एक स्वीकारला गेलेला पॅच हा प्रोजेक्ट म्हणून धरायला विद्यापीठांनी परवानगी द्यावी. पॅच छोटा असतो म्हणून गाइड नाही म्हणतात, हे मला मुलांनीच सांगितलंय, पण त्या छोट्या पॅचमागे वाचलेला कोड आणि मेंटेनरशी झालेली चर्चा सगळी सार्वजनिक असते, एक्स्टर्नलला तपासायला याहून सोपं काय असणार.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या शिक्षण किंवा विज्ञानाच्या पुरवणीत स्वदेशी चिपची बातमी पुढच्या वेळी येईल तेव्हा किती नॅनोमीटर आणि किती कोटी यासोबत दोन ओळी हेही छापा की या चिपवर लिनक्स बूट होतो का, फर्मवेअर कोणतं आहे, त्याचा सोर्स उघडा आहे का. वार्ताहराने पत्रकार परिषदेत हे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल. आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवरची किंवा तंत्रशिक्षण मंडळातली कुणी मंडळी हे वाचत असतील तर पुढच्या सिलॅबसमध्ये वर सांगितलेली दोन आठवड्यांची प्रॅक्टिकल घालून बघावीत. लॅब मॅन्युअल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून द्यायला आणि सुट्टीच्या दिवशी शिक्षकांसाठी एक वर्कशॉप घ्यायला मी आणि माझ्यासारखे या क्षेत्रातले पुण्यातले काहीजण तयार आहोत, कुठलंही मानधन नको, फक्त इंटरनेट असलेली लॅब आणि शिकवणारे शिक्षक स्वतः हजर हवेत.

आपला,
एक नियमित वाचक
चिंचवड, पुणे